राज्यभर भागीदारी करायची असेल, तर सुटलेल्या नावांपासून सुरुवात करा

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका धर्मादाय न्यासाच्या विश्वस्तांचा आहे. त्यांचा न्यास बरीच वर्षं आरोग्य शिबिरं घेतो. आता डॉक्टरांची संघटना, एक साखर कारखाना आणि दोन कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी एकत्र आणून प्रतिबंधक आरोग्यसेवेचं काम राज्यभर न्यायचा त्यांचा विचार आहे. लसीकरण, रक्तदाब-साखर तपासणी, स्त्रियांची कर्करोग तपासणी हे विषय डोळ्यांसमोर आहेत. ते विचारतात, "शासनाच्या एवढ्या योजना चालू असताना आमच्यासारख्यांच्या भागीदारीने नेमकं काय सुधारतं? आणि सुरुवात कुठून करायची?"

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून लागले आणि तालुका आरोग्य अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर संस्था आणि जिल्हा परिषदा यांच्यामध्ये बसून दोघांना एकमेकांची भाषा समजावून सांगण्याचं काम करते आहे. त्या अनुभवावर थोडक्यात सांगायचं, तर सेवा द्यायला माणसं सरकारकडे आहेत, लस आहे, बहुतेक औषधंही आहेत. सेवा घेता घेता मधूनच जो माणूस सुटतो, त्याला शोधून परत आणणारं मात्र कोणी नसतं. तुमच्या पैशाने आणि माणसांनी ही एक जागा भरली तर भागीदारी कामाची. बाकी सगळं सरकार आधीच करत असतं, आणि तेच तुम्हीही केलंत तर उपकेंद्रातल्या सिस्टरच्या (आरोग्यसेविकेच्या) डोक्यावर अजून एक रजिस्टर चढतं.

आता सविस्तर.

आपल्याकडची रचना कागदावर चांगली आहे. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येला आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजारांना एक उपकेंद्र, तीस हजारांना (आदिवासी भागात वीस हजारांना) एक प्राथमिक आरोग्य केंद्र, साधारण हजार लोकवस्तीला एक आशा. महिन्यातून एकदा गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस. त्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, बाळांची वजनं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण 94.7 टक्के आलं. म्हणजे जवळजवळ प्रत्येक बाळ जन्माच्या वेळी यंत्रणेच्या हातात असतं. त्याच पाहणीत 12 ते 23 महिन्यांच्या बालकांचं पूर्ण लसीकरण मात्र 73.5 टक्के. आधीच्या फेरीत ते 56 टक्के होतं, तेव्हा सुधारणा मोठी आहे आणि तिचं श्रेय आशा-आरोग्यसेविकांना द्यायलाच हवं. पण 95 आणि 73 यांच्या मधली मुलं गेली कुठे? जन्माला आली तेव्हा ती आपल्याजवळच होती. आपल्या हातून ती सुटली ती पहिल्या दीड वर्षात.

लोक म्हणतात जनजागृती कमी पडते. माझा अनुभव तसा नाही. लस नको म्हणणारी घरं असतात, पण मोजकी. बहुतेक बाळं सुटतात ती आई माहेरी गेली, बाळाला सर्दी होती म्हणून सिस्टरने पुढच्या महिन्यात या म्हटलं, त्या दिवशी आई मजुरीला होती, अशा कारणांनी. एक कारण तर आपणच तयार केलेलं आहे. गोवर-रुबेला लसीची व्हायल (कुपी) एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची. एका बाळासाठीसुद्धा व्हायल फोडावी, असाच नियम आहे. पण मासिक बैठकीत लस वाया गेल्याबद्दल कोणी एकदा झापलं की सिस्टर पुढच्या वेळी दोन-तीन बाळं जमेपर्यंत थांबते, आणि ज्या आईला "पुढच्या वेळी या" म्हटलेलं असतं, ती पुढच्या वेळी येत नाही. असं अडलेलं काम पोस्टर लावून सुटत नाही. अधिकाऱ्याने बैठकीत वाया गेलेले डोस विचारायच्या आधी सुटलेली बाळं विचारली, की सुटतं.

राज्यभर भागीदारी का हवी, एका जिल्ह्यात चांगलं काम करून का भागत नाही, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर ऊसतोडीत आहे. तुमच्याकडे कारखाना आहे, म्हणून इथे जरा थांबते.

बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, काही सीमेपलीकडे बेळगावकडे. नवराबायको मिळून एक कोयता. टोळीच्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, त्यामुळे हंगामभर परतायची सोय नाही. लहान बाळ असेल तर तेही टोळीबरोबर जातं.

एका बाळाचं वेळापत्रक मांडून बघा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेलं बाळ. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी दवाखान्यातच मिळाले. सहा आठवड्यांचा पेंटाव्हॅलेंटचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोस ऑक्टोबरच्या मध्यावर गावात मिळाला. दुसरा दहा आठवड्यांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर. तिसरा चौदा आठवड्यांनी, म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर. टोळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघाली. बाळ आता वाळवा किंवा पलूस तालुक्यातल्या एखाद्या शेताच्या कडेला, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) आहे. गावाकडच्या आशाच्या वहीत त्याच्या नावापुढे "स्थलांतरित" असा शेरा पडतो आणि ते तिच्या ड्यू लिस्टमधून (डोस द्यायच्या बाळांच्या यादीतून) बाजूला होतं. इकडच्या आशाच्या वहीत ते कधी येतच नाही, कारण तिचा घरोघरचा सर्व्हे पावसाळ्यात झालेला असतो आणि तेव्हा कोपी नव्हती. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये टोळी परतते तेव्हा बाळ सात महिन्यांचं झालेलं, अंगावर पेंटाचा एकच डोस. दोन्ही जिल्ह्यांचे अहवाल या सगळ्या काळात व्यवस्थित असतात. पाठवणारा जिल्हा म्हणतो बाळ इथे नाही, घेणारा जिल्हा म्हणतो बाळ आमचं नाही.

इथे भागीदारी काय करू शकते ते बघा. कोणती टोळी आज कोणाच्या फडात आहे हे आरोग्य खात्याला माहीत नसतं. पण कारखान्याच्या शेतकी विभागाला ते रोजच्या रोज माहीत असतं, कारण गाड्यांचं नियोजन त्यावरच चालतं. चिटबॉयच्या, म्हणजे कारखान्याच्या फडावर नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या, खिशातल्या वहीत मुकादमाचं नाव, गाव, कोयत्यांची संख्या सगळं असतं. हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत शेतकी विभागाने टोळ्यांची ठिकाणवार यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या हातात दिली आणि दर पंधरवड्याला ती बदलून दिली, तर स्थलांतरितांसाठी लसीकरणाचा मायक्रोप्लॅन (कुठे, कधी, कोण जाणार याचा आराखडा) खरा होतो. कारखान्याने एवढं केलं तरी पुष्कळ झालं. याला खर्च जवळजवळ नाही, पण कारखान्याच्या संचालक मंडळाने एकदा ठरवून शेतकी अधिकाऱ्याला लेखी सांगावं लागतं. तोंडी सांगितलेलं पहिल्या आठवड्यात विसरलं जातं.

दुसरी गोष्ट वेळेची. लसीकरण सत्र सकाळी दहा ते दुपारपर्यंत चालतं, आणि टोळी पहाटेच फडात गेलेली असते. कोपीवर म्हातारी किंवा आठ-दहा वर्षांची बहीण बाळ सांभाळत असते. सत्र संध्याकाळी, टोळी परतल्यावर घ्यावं लागतं. त्यासाठी सिस्टरची गाडीची सोय, बरोबर एक माणूस, उजेड, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं उशिरा यायची सूट. गाडी आणि सोबत तुम्ही देऊ शकता, सूट मात्र वैद्यकीय अधिकाऱ्यानेच द्यायची असते.

तिसरी गोष्ट तापाची. पेंटाच्या डोसनंतर बाळाला ताप येऊ शकतो. गावात राहणारी आई एक रात्र जागते आणि विसरते. कोपीतल्या आईला दुसऱ्या दिवशी खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. एका आईने मला सरळ सांगितलं होतं, "डॉक्टरीणबाई, सुईला मी भीत न्हाई, उद्याच्या खाड्याला भिते." ही लसविरोधी बाई नाही. तिला पॅरासिटामॉलची बाटली, किती थेंब द्यायचे हे करून दाखवणारं माणूस आणि मुकादमाला सांगणारं कोणीतरी हवं आहे. मुकादमाला सांगायचं काम आरोग्यसेविकेपेक्षा कारखान्याचा माणूस शंभरपट चांगलं करतो. इथे त्याची भागीदारी खरी.

आणि चौथी, परत पाठवण्याची. इथे दिलेला डोस माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिला गेला पाहिजे आणि गावाकडच्या उपकेंद्राला कळला पाहिजे. आता यू-विन या सरकारच्या लसीकरण नोंदणीच्या पोर्टलवर देशात कुठेही दिलेला डोस नोंदवता येतो, हे फार चांगलं झालं. पण नोंद शोधायची ती मोबाईल नंबरवरून, आणि नंबर बहुधा नवऱ्याचा, हंगामात सिम बदललेलं. म्हणून कार्ड जपा. प्लास्टिकच्या साध्या पाकिटात कार्ड घालून दोरीने कोपीच्या मेढीला बांधून ठेवायची सवय काही आशांनी लावली आहे. मला तरी याहून उपयोगी साधन माहीत नाही.

ऊसतोडीच्याच भागात स्त्रियांच्या आरोग्याचं काय झालं, तेही तुम्हाला ठाऊक असेल. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, त्यात 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पांढरं पाणी, पाळीचा त्रास, कंबरदुखी यांवर वेळेवर साधी तपासणी आणि उपचार मिळाले असते, तर यातल्या कितीतरी जणी शस्त्रक्रियेपर्यंत गेल्या नसत्या. खाडा नको म्हणून त्यांनी अवयव काढून टाकला. प्रतिबंधक सेवा वेळेवर पोचली नाही की काय होतं, याचं याहून वाईट उदाहरण मला सांगता येणार नाही. हंगामाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासणी, ही शिफारस तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी आहे. निघण्यापूर्वीची तपासणी बीडमध्ये होणार, हंगामातला पाठपुरावा सांगलीत, परतल्यावरची पुन्हा बीडमध्ये. दोन्ही टोकांना एकच कागद चालला पाहिजे. म्हणून भागीदारी राज्याची हवी.

आता तुमच्या दुसऱ्या विषयाकडे, रक्तदाब. इथे आपल्याच राज्यात एक चांगला नमुना आहे. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर 2017 मध्ये पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपल्याकडचे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), जागतिक आरोग्य संघटना, रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्हज ही संस्था आणि राज्य सरकारं, असे सगळे एकत्र. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. पण पुरस्कारापेक्षा मला त्यातली कामाची वाटणी महत्त्वाची वाटते. बाहेरच्या भागीदारांनी स्वतंत्र दवाखाना काढला नाही, स्वतःची औषधं वाटली नाहीत. त्यांनी जिल्ह्याला मोजकी प्रशिक्षित माणसं दिली आणि त्या माणसांचं काम एकच ठेवलं: केंद्रा-केंद्रावर जाऊन रक्तदाब नीट मोजला जातो का, औषध संपायच्या आत मागणी जाते का, आणि जे रुग्ण ठरल्या दिवशी आले नाहीत त्यांची यादी सिस्टर किंवा आशापर्यंत पोचते का, हे बघणं.

बाकी बदल साधे होते. सगळ्या राज्यात एकच लिहून दिलेली उपचारपद्धती, ॲमलोडिपिन, टेल्मिसार्टन अशी मोजकीच औषधं. औषधं मोजकी असली की वर्षाला किती गोळ्या लागतील याचा हिशेब मांडता येतो. प्रत्येक डॉक्टर वेगळी गोळी लिहीत असेल तर भांडारपाल कितीही हुशार असो, साठा कुठेतरी संपतोच. दुसरं, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या. पूर्वी कितीतरी केंद्रांवर पाच-सात दिवसांच्याच दिल्या जायच्या. ज्याला काहीच दुखत नाही असा माणूस दर आठवड्याला मजुरी बुडवून रांगेत का उभा राहील? तिसरं, मोजमाप. किती तपासले हा आकडा मागे ठेवून, काही महिन्यांपूर्वी नोंदलेल्यांपैकी आज कितींचा रक्तदाब 140/90 च्या खाली आहे आणि किती जण आलेच नाहीत, हे दर तिमाहीला विचारायचं. हा शेवटचा आकडा विचारायला लागल्यावर केंद्राचं वागणं बदलतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. न आलेल्यांची यादी फळ्यावर लागली की आरोग्यसेवक संध्याकाळी गावात जाताना ती खिशात घालून नेतो.

तुमच्या शिबिरांबद्दल इथेच बोलते. राग मानू नका, तुमची तळमळ खरी आहे म्हणूनच सांगते. शिबिरात तीनशे जणांचा रक्तदाब मोजला, साठ जणांचा जास्त आला, त्यांना चिठ्ठी दिली, फोटो झाले. ती साठ नावं तुमच्या न्यासाच्या फाइलमध्ये जातात. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला त्यातलं एकही नाव कळत नाही. सहा महिन्यांनी त्यातले किती गोळी घेतात, हे तुम्हालाही माहीत नसतं आणि त्यालाही. शिबिर घ्यायचंच असेल तर उपकेंद्राच्या अंगणात घ्या, नोंद त्यांच्याच रजिस्टरात आणि पोर्टलवर करा, आणि त्या साठ जणांकडे पुढचे सहा महिने जायला एक माणूस पगारावर ठेवा. तंबू, बॅनर आणि जेवणाचा खर्च वाचवलात तर त्या माणसाचा पगार निघतो.

एकदाच केलेली तपासणी किती कमी पडते, याचा शास्त्रीय पुरावाही आपल्या मातीतलाच आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं संशोधन. बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथलंच नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या एक लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांवर अभ्यास केला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या) चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघायची स्वस्त तपासणी, जिला आपण व्हीआयए म्हणतो, ती एकदाच केल्याने मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. तीच व्हीआयए टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत साध्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांकडून दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. स्वस्त तपासणी हवी असेल तर पुन्हा पुन्हा त्याच बाईपर्यंत जावं लागतं. एकदाच जायचं असेल तर चांगली चाचणी हवी. तिसरा मार्ग नाही. एवढं ज्ञान आपल्याच जिल्ह्यांनी जगाला दिलं, आणि 2019-21 च्या पाहणीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या जेमतेम दोन टक्के स्त्रियांनी ही तपासणी आयुष्यात कधीतरी केलेली होती.

का होत नाही, ते उपकेंद्रात जाऊन बघा. तपासणीचं टेबल असतं, पण त्याच्या बाजूच्या खिडकीला पडदा नसतो. बल्ब गेलेला असतो. नळाला पाणी नसतं. समुदाय आरोग्य अधिकारी बहुतेक तरुण, कधी पुरुष, बाहेरच्या गावचा. त्याचं प्रशिक्षण दोन दिवसांचं, तेही मोठ्या सभागृहात स्लाइडवर. ज्याने स्वतःच्या हाताने पंधरा-वीस तपासण्या अनुभवी माणसासमोर केलेल्या नाहीत, त्याला आत्मविश्वास कुठून येणार? डॉक्टरांच्या संघटनेने इथे यावं. तुमच्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी आठवड्यातली एक दुपार एका आरोग्यवर्धिनी केंद्राला (आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर) द्यावी, स्वतः तपासण्या न करता तिथल्या सिस्टरकडून करून घ्याव्यात, आणि सलग काही महिने यावं. आणि जिची तपासणी पॉझिटिव्ह येईल, तिचे पुढचे उपचार कुठे, कोणत्या दिवशी, कोणाकडे, हे आधी ठरवूनच पहिली तपासणी करावी. उपचाराची वाट न दाखवता तपासणी करणं हे त्या बाईवर अन्याय करणं आहे. याबाबत मी कुठलीही तडजोड करत नाही.

राज्यभर जाण्याची घाई मात्र करू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत केला. 1999 मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटलेला होता. पण तिथून थेट देशभर उडी घेतली गेली नाही. मधल्या काळात महाराष्ट्रातल्या इतर संस्थांनी आपापल्या गावांत आणि शहरी वस्त्यांत तेच करून पाहिलं. दुसऱ्यांच्या हातात ते चालतं का, हा प्रश्न त्यातून सुटला, आणि 2011 मध्ये आशांच्या गृहभेटी देशाच्या कार्यक्रमात आल्या. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते, ती त्या प्रवासामुळे. तुमचं ऊसतोडीचं काम एका कारखान्याच्या हद्दीत बसलं, की ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या, तुमच्याशी काही संबंध नसलेल्या कारखान्यात करून बघा. तिथे तुमचा उत्साह नसेल, तुमची ओळखही नसेल. तरीही चाललं तर राज्याकडे जा.

कोणाला भेटायचं, हेही विचारलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे. महापालिका हद्द आणखी वेगळी. तुमचं पत्र एकाकडे गेलं तर बाकीच्यांना ते लागू होत नाही. म्हणून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसमोर सगळ्यांची एक बैठक लावून घ्या आणि तिचं इतिवृत्त काढून घ्या. दोन जिल्ह्यांमधल्या कामाला मात्र राज्य स्तरावरून पत्र लागतं; जिल्हा आरोग्य अधिकारी दुसऱ्या जिल्ह्याला फोन करू शकतो, आदेश देऊ शकत नाही. जे काम पुढे सरकारने स्वतः चालवावं असं वाटतं, ते राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कृती आराखड्यात बसलं पाहिजे. त्याच्या मागण्या आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या कितीतरी आधी जिल्ह्यातून जातात, तेव्हा मार्चमध्ये प्रस्ताव घेऊन जाऊ नका. छोट्या खर्चांना गावाच्या आरोग्य समितीचा वर्षाला दहा हजारांचा मुक्त निधी असतो. पडदा आणि बल्ब त्यातून येतो, तुमच्या सीएसआरची गरज नाही. सरपंचाला आणि आशाला शेजारी बसवून तो खर्च करायला मदत करा.

करारात चार गोष्टी नक्की लिहा: नोंद फक्त सरकारी रजिस्टरात होईल, तुमची माणसं आशाला किंवा सिस्टरला स्वतंत्र अहवाल मागणार नाहीत, मोबदला असेल तर तो आशाच्या इतर कामांवर परिणाम न करणारा असेल, आणि निधी संपल्यावर तुम्ही नेमलेल्या माणसाचं काम कोण करणार त्याचं पदनाम. चौथी ओळ लिहायला सगळे टाळाटाळ करतात. ती लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

शहरांबद्दल थोडंच. 2022 च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीत गोवरचा उद्रेक झाला, मुलं दगावली. मालेगाव, भिवंडीतही साथ होती. शहरात मोठे दवाखाने जवळ असतात, पण झोपडपट्टीतलं भाड्याचं घर दर अकरा महिन्यांनी बदलतं, आणि खासगी दवाखान्यात दिलेल्या लसीची नोंद पालिकेकडे येत नाही. तुमच्या संघटनेतल्या बालरोगतज्ज्ञांनी आपल्याकडचे डोस यू-विनवर चढवायला सुरुवात केली, तर तेवढ्यानेच सुटलेल्यांची खरी यादी हाती लागेल. गोवंडीत धर्मगुरू आणि वस्तीतले कार्यकर्ते पुढे आले, त्यानंतर दारं उघडली. तिथला भागीदार वस्तीचा माणूसच असतो.

आणखी एक भागीदार तुमच्या यादीत नाही, तो म्हणजे गावातली माणसं. 2007 पासून पुण्याच्या 'साथी' संस्थेने इतर संस्थांबरोबर अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम सुरू केलं. गावकरी सेवेला हिरवा, पिवळा, लाल असा रंग देणार आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडणार. आम्हा अधिकाऱ्यांना ते सुरुवातीला जड गेलं, हे खरं. पण लसीकरणाचं सत्र दोन महिने का झालं नाही, हे चारचौघांत विचारलं गेलं की गाडी, सुट्टी, बदली ही सगळी कारणं बाजूला पडून काम होतं. तुमच्या कामाचा आढावा न्यासाच्या कार्यालयात घेऊ नका, तिमाहीला एकदा ग्रामसभेत घ्या, आणि कोपीवर राहणाऱ्यांतल्या दोघी बायांना तिथे बोलायला लावा.

गाळप हंगामाला अजून वेळ असेल तर पहिलं काम हे करा: कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडून गेल्या हंगामातल्या टोळ्यांची गावं काढून घ्या. ती बहुतेक बीडच्या दोन-तीन तालुक्यांत जमलेली दिसतील. त्या तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि तुमच्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला एकाच खोलीत बसवा, त्या गावांतल्या दोन वर्षांखालच्या मुलांची आशांकडची यादी मागवा, आणि नावानिशी वाचायला सुरुवात करा. त्या खोलीत बॅनर लावू नका. चहा चांगला ठेवा आणि दिवसभराचा वेळ ठेवा, कारण अंगणवाडीची यादी, आशाची यादी आणि सिस्टरची यादी या तिन्ही जुळवायलाच दुपार होते.